अवघड जागेचं लॅटिन

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आघाडी सरकारातल्या कुरबुरींपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत ती कुठेही खपते. पण तिचा मूळ प्रसंग दवाखान्यातला आहे. दुखतंय, डॉक्टर समोर बसलाय, तो घरचाच आहे, फीसुद्धा घेणार नाही. तरी तोंडातून शब्द फुटत नाही. का, तर जागा अवघड आहे. शरीररचनेच्या दृष्टीने पाहिलं तर त्या जागेत फार अवघड काही नाही. आतल्या कानाचा किंवा मेंदूचा नकाशा तिच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. अवघड असतं ते तिचं नाव घेणं.

युरोपातल्या वैद्यकाने ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली. त्यांनी जागेला नाव दिलं, आणि त्या नावातच लाज घालून ठेवली. ते नाव ‘पुडेंडम’. शतकानुशतकं ते वैद्यकाच्या ग्रंथांत राहिलं आणि शरीरशास्त्राच्या अधिकृत जागतिक यादीतून ते निघालं २०१९ साली, म्हणजे तुमच्याआमच्या हातात स्मार्टफोन येऊन बरीच वर्षं झाल्यावर.

अजेंडा, मेमोरँडम, पुडेंडम

लॅटिनमध्ये ‘पुदेरे’ म्हणजे लाज वाटणं. त्यापासून ‘पुडेंडम’: जिची लाज वाटायला हवी अशी गोष्ट. हा प्रत्यय आपल्या चांगला ओळखीचा आहे. ऑफिसातला ‘अजेंडा’ म्हणजे करायला हव्यात अशा गोष्टी. ‘मेमोरँडम’ म्हणजे लक्षात ठेवायला हवी अशी गोष्ट. त्याच साच्यातला हा तिसरा शब्द. त्यामुळे तो ‘इथे लोकांना लाज वाटते’ असं नुसतं नोंदवून थांबत नाही. ‘वाटलीच पाहिजे’ असं बजावतो. मराठीतला त्याच्या जवळचा शब्द ‘लज्जास्पद’. तो फोडून पाहा: लज्जेचं आस्पद, म्हणजे लाजेची जागा.

सुरुवातीला हा शब्द एकट्या बाईचा नव्हता. अनेकवचनी ‘पुडेंडा’ म्हणताना स्त्री आणि पुरुष दोघांचेही अवयव त्यात यायचे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथात आदम आणि इव्हची गोष्ट सांगताना या शब्दाला धर्माचं पाठबळ दिलं. त्यांनी आज्ञा मोडली, त्यांना आपल्या नग्नतेची जाणीव झाली, त्यांनी पानांनी अंग झाकलं, म्हणून या अवयवांना हे नाव रास्तच आहे, असं त्याचं म्हणणं. लाज दोघांना वाटली होती, पानंही दोघांनी गुंडाळली होती.

मग वाटणी कधी झाली? १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात शरीरशास्त्रज्ञांनी पहिली सामायिक लॅटिन नामावली ठरवली. एकाच अवयवाला देशोदेशी वेगवेगळी नावं होती, तो गोंधळ निस्तरणं हा हेतू. त्या यादीत पुरुषाच्या अवयवांना साधं ‘जननाचे भाग’ असं नाव मिळालं. बाईच्या बाह्य अवयवांसाठी मात्र ‘पुडेंडम म्युलिएब्रे’ आलं, म्हणजे स्त्रीची लाजायची गोष्ट. पुढे एका शतकात याद्या अनेकदा सुधारल्या गेल्या. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय नामावलीतही ‘पुडेंडम फेमिनिनम’ शिल्लक होतं. त्याला पुल्लिंगी जोड नव्हती. ऑगस्टीनने दोघांत वाटलेली लाज विज्ञानाने एकीच्या नावावर करून दिली होती.

शेजारचा शब्दही पाहून घेऊ. ‘वजायना’ म्हणजे लॅटिनमध्ये म्यान. तलवार ठेवायची जागा. शरीर बाईचं, पण नाव ठेवताना सोय कुणाची पाहिली ते सांगायला नको.

‘भग’ शब्दासमोर काय लिहिलं

लॅटिन आपल्याकडे दोन वाटांनी आलं. एक वाट वैद्यकीय शिक्षणाची. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि हाडांपासून नसांपर्यंत सगळं शरीर इंग्रजी-लॅटिन नावांनी शिकवलं जाऊ लागलं. दुसरी वाट शब्दकोशांची. त्या काळच्या इंग्रज पंडितांना संस्कृतमधले शृंगारिक किंवा शारीरिक उल्लेख इंग्रजीत आणणं अवघड वाटे, तेव्हा ते लॅटिनचा पडदा ओढत. राल्फ ग्रिफिथ यांनी ऋग्वेदाचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यांना नको वाटलेल्या काही ऋचा त्यांनी शेवटच्या परिशिष्टात टाकल्या, त्याही लॅटिनमध्ये. शिकलेल्या पुरुषाला कळाव्यात, घरातल्या बायकामुलांना कळू नयेत, इतकीच व्यवस्था.

मोनियर मोनियर-विल्यम्स यांचा जन्म १८१९ सालचा, मुंबईतला. पुढे ते ऑक्सफर्डला संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही जगभर वापरला जातो. त्याची १८९९ ची आवृत्ती तुमच्या फोनवरही उघडते. तिच्यात ‘भग’ हा शब्द काढून पाहा. आधी येतात दैव, सौभाग्य, ऐश्वर्य, प्रेम असे अर्थ. पुढे स्त्रीचा अवयव हा अर्थ येतो आणि त्याच्याशेजारी बाझेलच्या यादीतलं तेच नाव: पुडेंडम म्युलिएब्रे.

एकाच नोंदीत दोन जगं शेजारी बसली आहेत. ‘भग’ हा ‘भज्’ म्हणजे वाटून देणं या धातूपासून आलेला शब्द. वाट्याला आलेलं चांगलं ते भग. ‘भाग’ आणि ‘भाग्य’ त्याच धातूतून निघाले. वेदांत भग नावाचा देव आहे, तो संपत्ती वाटतो. भग ज्याच्यापाशी आहे तो भगवान, जिच्यापाशी आहे ती भगवती. ‘योनी’ या शब्दाचा अर्थ उगमाची जागा, घर. ज्या भाषेने त्या अवयवाला ऐश्वर्य आणि घर म्हटलं, तिच्या शब्दाचा अर्थ लिहिताना कोशकाराने ‘लाजायची गोष्ट’ हे नाव वापरलं. त्याच्या मनात काही वाईट होतं असं नाही. शास्त्राचा मान्य शब्द तोच होता. पण पुढे संस्कृत शिकणाऱ्या पिढ्यांनी, त्यात आपलेही विद्वान आले, भगाचा अर्थ या लाजेच्या चष्म्यातून वाचला.

लाज आयात केलेली नाही

इथे ‘आमच्याकडे सगळं मोकळं होतं, इंग्रजांनी बिघडवलं’ असं म्हणायचा मोह होतो. तसं म्हणता येत नाही. लाजेचा कारखाना आपल्याकडेही होता.

‘कौपीन’ हा शब्द घ्या. कौपीन म्हणजे लंगोटी, हे आपल्याला माहीत असतं. पाणिनीच्या व्याकरणात तो ‘करू नये असं काम’ या अर्थाने येतो. ‘कूप’ म्हणजे विहीर. विहिरीत ढकलून द्यायच्या लायकीचं ते कौपीन, म्हणजे पाप, अशी फोड परंपरेने केली. पापासारखंच लपवायचं म्हणून पुरुषाचा अवयवही कौपीन झाला, आणि त्याला झाकणारं फडकंही. पुडेंडमचा हा सख्खा संस्कृत भाऊ, आणि तो पुरुषाच्या वाट्याला आलेला आहे. ‘गुह्य’ आणि ‘गुप्तांग’ हे शब्दही लपवण्यातूनच आले. भगाचीही पुढे घसरण झाली. मनुस्मृतीत गुरुपत्नीशी संग करणाऱ्याच्या कपाळावर भगाचं चिन्ह डागायला सांगितलं आहे. अहल्येच्या कथेत गौतमाच्या शापाने इंद्राच्या अंगावर हजार भगं उमटतात आणि मग त्यांचे डोळे होतात. जे देवाचं नाव होतं ते शिक्षेची खूण झालं.

त्याच वेळी गावागावांत दुसरी परंपरा चालू होती. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जालना जिल्ह्यातलं भोकरदन अशा जुन्या ठिकाणी एका देवीच्या छोट्या मूर्ती सापडल्या आहेत. ती प्रसूत होणाऱ्या बाईसारखी पाय फाकवून बसलेली असते, आणि अशा मूर्तींत बऱ्याचदा डोक्याच्या जागी कमळ असतं. मूल व्हावं म्हणून तिची पूजा करत. तिचं आज रूढ असलेलं नाव लज्जागौरी. १९६० साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी या मूर्तींवर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘नग्न देवी की निर्लज्ज स्त्री’ असा प्रश्नच होता. १९७८ मध्ये रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ हे पुस्तक लिहिलं आणि या देवीचे धागे लोकदेवतांपर्यंत नेऊन दाखवले. त्या मूर्तीत लपवलेलं काहीच नाही. तरी नाव देताना आपल्याला ‘लज्जा’ आठवली.

म्हणजे आपल्याकडे दोन्ही साठे होते, मानाच्या शब्दांचा आणि लाजेच्या शब्दांचा. एकोणिसाव्या शतकात नवं वैद्यक आलं तेव्हा त्यातला कुठला वापरायचा हे ठरायचं होतं.

दोनशे रुपये दंड

१८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं कारण त्यांनी दिलं. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचं मूल गमावलेल्या बाईचं हे लिहिणं होतं. त्यात अतिशयोक्ती शोधायला जाऊ नये. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. लॅटिन नावांचं शरीर आणि संस्कृत नावांचं शरीर ही दोन्ही त्यांनी एकाच टेबलावर मांडली. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या.

पुरुष डॉक्टर नको, ही अडचण बाई डॉक्टर झाल्याने सुटेल. पण नावच घ्यायचं नाही, ही अडचण कशी सुटणार? ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी अंगावर घेतली. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजमधली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते थेट १९५३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत. त्यात वाचक शरीराबद्दलच्या शंका विचारत आणि कर्वे सरळ, कोरड्या मराठीत उत्तरं देत. या कोरडेपणाचंच लोकांना जास्त वावडं होतं. आडून केलेला विनोद तमाशात चालतो, कीर्तनातही चालून जातो. सरळ माहिती चालत नाही.

१९३१ मध्ये एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवण्यात आली होती. प्रश्न हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलचे होते. यावेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही आणि लोकांनी विचारलेल्या शंकांना उत्तर देणं हा गुन्हा होऊ शकत नाही, या बाजूने ते लढले. खटला हरला. दंड दोनशे रुपये. महिन्याच्या महिन्याला मासिक काढताना जीव मेटाकुटीला येणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ या २००१ च्या चित्रपटात हा सगळा काळ आहे.

बावीस कोटींचा प्रश्न नाही, साध्या ‘खाली’चा आहे

लाजेची किंमत मोजता येते का? एकदा ती मोजली गेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या चमूने ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. एकीमागे सरासरी ३.६ रोग. याआधी कधीही अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच धरून चाललं होतं. उरलेलं दुखणं कुणी विचारलं नव्हतं आणि बायकांनी सांगितलं नव्हतं. राणी बंग यांनी पुढे बायकांच्या तोंडून हे सगळं ऐकून पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘कानोसा’. कान देऊन ऐकल्याशिवाय जे कळणार नाही, त्याला नाव अगदी नेमकं मिळालं.

बाई दवाखान्यात पोचली तरी पुढे काय होतं? रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठण्याच्या मधे कासू आहे. अनेकांना हे नाव मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाच्या बातम्यांतून माहीत असतं: ‘पळस्पे ते कासू’, ‘कासू ते इंदापूर’. अशा गावातली बाई दुखणं अंगावर काढून काढून शेवटी मिनीडोरमध्ये बसून पेणला येते अशी कल्पना करा. डॉक्टर विचारतात, काय होतंय? ती सांगते, ‘खाली दुखतंय.’ खाली म्हणजे ओटीपोट असू शकतं, लघवीची जागा असू शकते, शौचाची असू शकते, योनीमार्ग असू शकतो. चारही ठिकाणची दुखणी वेगळी, औषधं वेगळी. ती म्हणते, ‘अंगावरून जातंय.’ पांढरं की लाल, हे पुन्हा विचारावं लागतं. ‘अंग बाहेर येतंय’ म्हणाली तर गर्भाशय खाली सरकलंय, हे इंग्रजीत शिकलेल्या शहरी डॉक्टरला कुणीतरी सांगावं लागतं. ‘अंग’ म्हणजे सगळं शरीर, आणि अंग म्हणजे तो एकच अवयव. ज्या भाषेत भाताच्या जातींना, माशांना, भरती-ओहोटीच्या वेळांना नेमकी नावं आहेत, तिथे या एका जागेसाठी ‘खाली’ आणि ‘अंग’ एवढीच सोय उरते.

गर्भाशयाला तर आपण ‘पिशवी’ म्हणतो. शब्द घरगुती आहे, समजायला सोपा आहे. पण पिशवी भरते, रिकामी होते, फाटली तर टाकून देता येते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे उचल आहे, खाड्याचा दंड आहे, पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी ना आडोसा आहे, कॅन्सरची घातलेली भीती आहे. शब्दामुळे कुणाचं ऑपरेशन झालं असं नाही. पण ‘दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य जितक्या सहज बोललं जातं, तितक्या सहज ते हृदयाबद्दल किंवा मूत्रपिंडाबद्दल बोलता येणार नाही.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवण्यासाठी २०१२ साली पॉक्सो कायदा आला. शाळांमधून चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवू लागले. पण कुठे स्पर्श केला हे सांगायला मुलीपाशी शब्द हवा. घरात तिला कोपर, घोटा, करंगळी सगळं शिकवलेलं असतं. या जागेशी आलं की ‘शूची जागा’ म्हणून पुढे जातात. मग पोलिसांसमोर ती बोट दाखवते.

नस तशीच आहे

२०१९ मध्ये शरीरशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामावलीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातून ‘पुडेंडम फेमिनिनम’ वगळलं आणि ‘व्हल्वा’ हा शब्द ठेवला. लाज मात्र पुरती गेली नाही. कमरेखालच्या मणक्यांतून निघून या भागाला संवेदना देणारी आणि लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंना चालवणारी एक महत्त्वाची नस आहे. स्त्री-पुरुष दोघांनाही असते. तिचं नाव आजही ‘पुडेंडल’. बाळंतपणात टाके घालायच्या किंवा चिमटा लावायच्या वेळी तिच्यापाशी इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, त्याला ‘पुडेंडल ब्लॉक’ म्हणतात. शब्दशः पाहिलं तर लाजेची नस बधिर करतात.

लॅटिन यादी बदलल्याने पेणच्या दवाखान्यातलं संभाषण बदलणार नाही. तिथे मराठी शब्द लागेल. आणि मराठीत या अवयवाचे जे शब्द सगळ्यांना येतात ते शिव्या होऊन बसले आहेत. जे शिव्या नाहीत ते पाठ्यपुस्तकात आहेत आणि तास आला की शिक्षक ते पान घरी वाचायला सांगतात. या दोन टोकांच्या मधे ‘खाली’ आहे.

पण तोंडाला सवय होते. ‘पाळी’ हा शब्दही एकेकाळी दाराआड बोलायचा होता. घरातल्या पुरुषांपुढे ‘कावळा शिवला’ म्हणायचं, दुकानदार पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत द्यायचा. आज टीव्हीवर जाहिरात लागते आणि कुणी चॅनल बदलत नाही. ‘योनी’ला तर तेवढीही खटपट करावी लागू नये. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा कीर्तनकार भर मंडपात सांगतात, समोर आज्जी बसलेल्या असतात, लहान मुलं बसलेली असतात, आणि कुणी मान खाली घालत नाही. भगवान आणि भगवती तर रोज तोंडात आहेत. शब्द तोच आहे. मंडपातून तो तपासणीच्या खोलीत न्यायचा आहे, आणि तिथे तो पहिल्यांदा डॉक्टरने, नर्सने, आशाताईने उच्चारायला हवा, म्हणजे समोरच्या बाईला तो वापरायला हरकत वाटणार नाही.